बफरचं तेल

अकरा वीसला पहिला बार होतो.
बहुल्याच्या डोंगराकडून आवाज यायच्या आधी
खिडकीची सैल काच थरथरते,
फळ्याखालचा डस्टर नखभर सरकतो,
मग आवाज.
देवळाली कॅम्पातली पोरं मानही वर करत नाहीत.
सातपूरहून यंदाच आलेली वेदांगी तेवढी दचकते,
आणि दचकली म्हणूनच विचारते:
मॅडम, क्रिया आणि प्रतिक्रिया समान,
आणि विरुद्ध,
म्हणजे बेरीज शून्य.
मग काहीच हलायला नको ना?

वीस वर्षं झाली, हा प्रश्न येतोच,
दर वर्षी नव्या तोंडून.
मी दोन चौकोन काढते. एक तोफ, एक गोळा.
एक बाण इकडे, एक तिकडे.
बघ, म्हणते, बाण सारख्याच लांबीचे,
पण एका अंगावर नाहीत.
एकमेकांना खोडायचं तर
आधी एका जागी भेटावं लागेल त्यांना.
ते भेटत नाहीत.

माझा बाप पुंजाजी पाळदे, वर्कशॉपात फिटर.
उलट धक्क्याचं खातं त्याच्याकडे.
बार झाला की नळी हातभर मागे येते,
नळकांड्यातलं तेल बारीक भोकांतून
घुसमटत पलीकडे जातं,
मग स्प्रिंग नळीला जागेवर आणून बसवते.
तो सांगायचा, "तेल धक्का कमी नाय करत, पोरी.
धक्का तेवढाच ऱ्हातो. तेल त्याला लांबवतं.
येकदम आला तर चाकं उखडतील."
संवेग हा शब्द त्याला ठाऊक नव्हता.
बोटांना होता.

मी नऊ वर्षांची होते. लाल निशाण वर असताना
मी आणि शेजारचा फिरोज
रेंजच्या तारेखालून आत सरपटलो,
पितळेसाठी. भगूरचा भंगारवाला
मुठीएवढ्या तुकड्याचा रुपया द्यायचा.
बापाने सायकल रस्त्यातच टाकली,
तारेपाशी मला गाठलं
आणि मारली.
एकच. दिवे लागेपर्यंत कान वाजत होता.
फिरोज पळाला, त्याच्या खिशातून काहीतरी खणखणत होतं.
त्या रात्री बाप डाव्या हाताने जेवला.
आईने विचारलं, तर म्हणाला, पाना निसटला.

माझ्या गालानेही त्याच्या तळव्याला
तेवढ्याच जोराने मारलं होतं.
हे मला अकरावीच्या पुस्तकात कळलं.
पुस्तकात उदाहरण होतं नाव आणि नावाड्याचं.
मी समासात पेन्सिलीने गाल काढला,
मग खोडला.

पेन्सिली. हो, त्या सांगायच्या राहिल्या.
त्या मारानंतर, दुसऱ्या रात्रीपासून दहावी होईस्तोवर
माझ्या पेन्सिलींना टोक तोच काढायचा,
वर्कशॉपातल्या पात्याने, सुईसारखं.
टोक बोटावर टेकवून बघायचा, मग कंपासात ठेवायचा.
माफीबिफी काही नाही.
त्या दुपारबद्दल एक अक्षर नाही.
सहा वर्षं
बारीक भोकातून तेल जात राहिलं.

आता तोफांनी त्याचे दोन्ही कान नेलेत.
चारला मी घरी येते तेव्हा तो पडवीत असतो,
भिंतीला तळवा टेकवून.
बार त्याला भिंतीतून कळतात.
"आज सतरा," तो सांगतो. "तेराव्याला तेल कमी व्हतं."
खरं-खोटं कोण तपासणार?
सतरा मात्र मीही मोजलेले असतात.

आज पाटीवर वेदांगीचा प्रश्न लिहून दिला,
मोठ्या अक्षरात.
समान. विरुद्ध. मग काहीच कसं नाही हलत?
अर्ध्यावर माझं वाक्यच चुकलं होतं,
त्याने ते वाचलं, चष्मा कपाळावर सारला,
आणि बहिऱ्यांच्या त्या मोठ्या आवाजात,
शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल असं म्हणाला,
"हालतं की!
तोफबी हालती. जड आसती, म्हनून कमी दिसतं."

आणि पुन्हा भिंतीला हात लावला.
अजून एक बार बाकी होता बहुतेक.